दान नको, हिशेब द्या

‘कायदा पाळतो, कर भरतो, झाडं लावतो, गावच्या पोरांना काम देतो. अजून काय पाहिजे?’ रासायनिक कारखान्याच्या पर्यावरणाचा विषय निघाला की सोलापुरात हे उत्तर ठरलेलं असतं. उद्योजक ते देतात, पुढारी देतात, आणि ज्याचं पोरगं नुकतंच कारखान्यात लागलंय असा बापही देतो. या बापामुळेच ते उत्तर हसण्यावारी नेता येत नाही. त्यातला प्रत्येक तुकडा थोडाफार खरा आहे. पण ते सगळे जोडून ‘जबाबदारी इथं संपली’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. हा लेख त्या निष्कर्षाचा प्रतिवाद आहे.

आधी रसायनांच्या बाजूनं. चादरी-टॉवेलच्या या शहरानं रसायनांच्या बाजारातही नाव कमावलं आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाईन्सचे कारखाने तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत आणि पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत आहेत. मिथेनॉल आणि अमोनिया यांची उत्प्रेरकावर क्रिया घडवली की मिथिल अमाईन तयार होतात, इथेनॉल घेतलं की इथिल अमाईन. आणि त्यांच्यापासून पुढे औषधं, कीडनाशकं, रंग, द्रावकं यांना लागणारी कितीतरी रसायनं. मधुमेहाचे लाखो रुग्ण रोज घेतात ती मेटफॉर्मिन डायमिथिल अमाईनच्या क्षारापासून बनते. ‘असले कारखाने नकोतच’ म्हणणाऱ्यानं एकदा घरातलं औषधांचं कपाट उघडून पाहावं. तेव्हा या लेखात कुठल्याही एका कंपनीवर आरोप नाही. वाद आहे तो त्या ठरलेल्या उत्तराशी, कारण चांगली कंपनीही तेच देते आणि वाईट कंपनीही तेच देते. ज्या उत्तरानं दोघींतला फरक कळत नाही, ते उत्तर गावाच्या काय कामाचं?

‘कायदा पाळतो’ याचा पुरावा म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र दाखवलं जातं. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली मंडळ परवानगी देतं: इतकं उत्पादन करा, इतकं पाणी वापरा, चिमणीतून आणि नळीतून अमुक मर्यादेपेक्षा जास्त सोडू नका. म्हणजे काय करायचं ठरलं आहे ते संमतीपत्रात असतं. काय झालं, ते त्यात नसतं. ते पाहायला माणसं लागतात, आणि देशभरातल्या राज्य मंडळांची जवळजवळ निम्मी पदं रिकामी असल्याचं राष्ट्रीय हरित लवादापुढेच आलेलं आहे. दंडाचा धाकही पातळ झाला. भोपाळनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. शेकडो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला पंधरा लाख ही शिक्षा वाटेल की खर्चाची एक ओळ, हे तिच्या हिशेबनिसाला विचारावं.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मर्यादा पाळायची तर आधी मर्यादा असावी लागते. हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकं आहेत. त्यांत अमोनिया आहे, अमाईन नाहीत. ट्रायमिथिल अमाईनचा सडक्या मासळीसारखा वास हवेत अब्जावधी भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो. अमाईन हाताळणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या वाऱ्याखाली राहणारा माणूस रात्री खिडकी लावून घेतो आणि सकाळी तक्रार करतो, तेव्हा यंत्रणा त्याला सांगते की सगळं मानकात आहे. यंत्रणा खोटं बोलत नसते. त्याला ज्याचा त्रास होतो ते कुणी मोजतच नसतं.

हा प्रश्न केवळ वासाचा नाही. इटलीतल्या विचेंझाजवळ त्रिस्सिनो इथं मितेनी नावाची कंपनी निसर्गात सहजी न विघटणारी ‘पीफास’ रसायनं बनवत होती. ती भूजलात उतरली आणि लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेली. या रसायनांवर मर्यादा येईपर्यंत कितीतरी वर्षं गेली होती. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं या प्रकरणी अकरा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दरम्यान दिवाळखोरीत गेलेल्या मितेनीची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीनं विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम इथं आली. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातल्या पीफाससाठी बंधनकारक मर्यादा अजून नाही. लोट्यातली कंपनी उद्या शंभर टक्के कायदा पाळेल, आणि तरीही खालच्या गावाला पाण्यात काय आहे हे कळणार नाही. ‘कायदा पाळतो’ हे वाक्य खरं असूनही किती अपुरं असू शकतं, याचा याहून सरळ दाखला नाही.

आणि कायदा पाळायचाच म्हटला, तर तो पूर्ण पाळा. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जो वायू सुटला, तो मिथिल आयसोसायनेट हे मिथिल अमाईन आणि फॉस्जिन यांपासूनच बनवलं जात होतं. म्हणून अमाईन म्हणजे भोपाळ, असं मुळीच नाही. फॉस्जिनशिवायची अमाईन-प्रक्रिया हा वेगळा विषय आहे. पण त्या रात्री वस्तीला माहीत नव्हतं की कुंपणाच्या आत काय आहे आणि ते सुटलं तर कुठल्या बाजूला पळायचं. त्याच धड्यातून १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कारखान्यानं कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला धोक्याची माहिती देणं बंधनकारक झालं. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत मोठ्या अपघाताची झळ ज्यांना लागू शकते त्यांना काय करायचं हे आधीच सांगण्याची जबाबदारी आहे. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट बसवले. ऑक्टोबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धोकादायक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यानं फाटकाबाहेर फलक लावून आत कोणती रसायनं हाताळली जातात, काय बाहेर पडतं, कचरा किती, हे लोकांना दाखवावं. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटींचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे.

म्हणजे माहितीचा हक्क आधीच कायद्यात आहे. आता ‘आम्ही कायदा पाळतो’ म्हणणाऱ्यानं फाटकावरचा फलक दाखवावा. त्यावरचे आकडे कोणत्या तारखेचे आहेत? ते मराठीत आहेत का? अमोनियाची गळती झाली तर ओलं फडकं नाका-तोंडाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघायचं, हे शेजारच्या शाळेतल्या पोराला कुणी सांगितलंय का? सहामाही अहवाल गावातल्या कुणी पाहिलाय का? या प्रश्नांना होकार असेल तर कंपनीला ‘कायदा पाळतो’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. नुसतं संमतीपत्र दाखवून तो मिळत नाही.

यावर कंपन्यांचं उत्तर असतं की आकडे आहेत, दरवर्षी प्रसिद्धही होतात. आघाडीच्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या आदेशानं व्यवसाय-जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात पाणी, ऊर्जा, उत्सर्जन, कचरा सगळं येतं. पण ते सगळ्या कारखान्यांचं मिळून येतं. तामलवाडीत किती पाणी उचललं आणि चिंचोळीत किती, हे त्या बेरजेत विरघळून जातं. पाणीटंचाईच्या भागात किती पाणी वापरलं याचा वेगळा तपशील त्या नमुन्यात आहे खरा, पण तो ऐच्छिक रकान्यात. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं नेमका तोच आकडा द्यायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर!

आणि मुळात हे आकडे मोजतं कोण? कंपनीनं निवडलेली आणि कंपनीनं पैसे दिलेली प्रयोगशाळा. परीक्षार्थीनंच परीक्षक नेमायचा आणि त्याची फीही त्यानंच भरायची, असा हा प्रकार. त्याचा निकाल काय लागतो याचा अंदाज बांधायची गरज नाही. तो मोजला गेला आहे, आणि शेजारच्याच राज्यात.

गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या पुढाकारानं १९९६ पासून जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांची बाहेरच्या तपासनीसांकडून वार्षिक तपासणी होत असे. तपासनीसाची निवड कारखाना करी, पैसेही कारखानाच देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर दोन वर्षं एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीतल्या अहवालांनुसार धुळीकणांची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने ओलांडत होते. स्वतंत्रपणे पुन्हा मोजल्यावर ओलांडणारे निघाले ५९ टक्के. अहवालातले आकडे गंमतशीर रीतीनं मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबत होते. मग काही कारखान्यांसाठी नियम बदलले: तपासनीस चिठ्ठीनं ठरेल, त्याचे पैसे एका सामायिक निधीतून ठरावीक दरानं मिळतील, आणि त्याचे काही आकडे अचानक पुन्हा तपासले जातील. ‘सगळं मर्यादेत’ असा खोटा निर्वाळा देण्याचं प्रमाण तब्बल ८० टक्क्यांनी घटलं. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कारखान्यांचं प्रदूषणही खरोखर कमी झालं. तंत्रज्ञान तेच होतं, कायदा तोच होता. बदललं होतं ते फक्त मोजणाऱ्याला कोण नेमतं, त्याच्या खिशात पैसे कुणाकडून येतात आणि त्याचे आकडे कोण तपासतं ते.

हा प्रयोग माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा आहे. कंपनी प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्नच त्यानं बाजूला पडतो. जुन्या पद्धतीत प्रामाणिक कंपनीचा आकडा आणि लबाड कंपनीचा आकडा कागदावर सारखेच दिसतात. त्यात प्रामाणिक कंपनीचंच जास्त नुकसान आहे, कारण तिनं यंत्रणेवर घातलेला पैसा तिच्या स्पर्धकानं वाचवलेला असतो. स्वतंत्र मोजमापाची मागणी खरं तर उद्योगांच्या संघटनांनी करायला हवी होती.

सोलापूरकरांना मोजमापात रस नाही असंही नाही. १५ जून २०२३ रोजी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी मोठ्या बंदोबस्तात पाडली गेली, कारण तिची उंची विमानांच्या वाटेत येत होती. त्या उंचीवर शहरात वर्षानुवर्षं वाद झाले, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयात गेलं. याच शहराचं नाव २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे इथली हवा मानकात बसत नाही हे सरकारदरबारी मान्य आहे. पण जिल्ह्यातल्या कोणत्या चिमणीतून काय बाहेर पडतं, यावर तेवढा वाद कधी झाला नाही. उंची सगळ्यांना पाठ, धूर कुणालाच नाही.

‘आमचा कारखाना शून्य सांडपाण्याचा आहे, एक थेंब बाहेर जात नाही’ हा या उत्तराला जोडून येणारा सर्वांत वजनदार दावा. तो नीट तपासला पाहिजे, कारण त्यात खरोखर मोठं काम आहे. जास्त क्षारांचं आणि जास्त रासायनिक भाराचं पाणी आधी स्ट्रिपरमध्ये जातं, तिथं द्रावकं वेगळी होतात. मग बहुस्तरीय बाष्पीभवन यंत्रात पाणी उडवतात आणि उरलेला घट्ट द्रव ड्रायरमध्ये वाळवून क्षार काढतात. हलकं सांडपाणी जैविक प्रक्रियेतून आरओमध्ये जातं. निवळलेलं पाणी पुन्हा कूलिंग टॉवरला वापरतात. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात पाण्याचा असा फेरवापर ही साधी गोष्ट नाही, आणि जी कंपनी तो प्रामाणिकपणे करते तिचं कौतुकच केलं पाहिजे.

पण शून्य फक्त पाण्याचं असतं, क्षाराचं नसतं. प्रक्रियेत जेवढं कॉस्टिक आणि आम्ल ओतलं, त्याचा क्षार कुठेतरी निघतोच. तो वाळवून पोत्यांत भरला तर तो धोकादायक कचरा. मग तो रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे ट्रकनं जायला हवा, प्रत्येक खेपेची नोंद मॅनिफेस्टवर व्हायला हवी, आणि नियमानुसार ९० दिवसांहून जास्त तो आवारात साठायला नको. पाणी उडवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला इंधन. कोळसा जाळला तर सांडपाण्याचा एक भाग राख आणि धूर होऊन बाहेर येतो. शिवाय वीज गेली, बाष्पीभवन यंत्र दुरुस्तीला निघालं, टाकी भरली, पहिल्या मोठ्या पावसात आवार धुऊन निघालं, अशा दिवशी ते ‘शून्य’ काय करतं?

म्हणून शून्य सांडपाण्याचा दावा एका वाक्यात मान्य किंवा अमान्य करायचा नसतो. त्याचा ताळेबंद मागायचा असतो. किती पाणी आत आलं, किती वाफ होऊन उडालं, किती फिरून वापरलं. किती कॉस्टिक विकत घेतलं, किती टन क्षार ट्रकनं गेला. या दोन बाजू जुळल्या तर दावा खरा. जुळल्या नाहीत तर उरलेला क्षार जमिनीत शोधायचा. आणि आपली जमीन म्हणजे दख्खनचा काळा खडक. इथं पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या फटींत राहतं. फट कुठून कुठे गेली हे वरून दिसत नाही. एक बोअर गोड लागते आणि शेजारची खारट. त्यामुळे ‘कुंपणालगतच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे’ एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. चहूबाजूंना, वेगवेगळ्या खोलीवर, वर्षभर नमुने घ्यावे लागतात.

जमिनीत गेलेलं किती काळ राहतं, हे कापडाच्या शहरानं तरी विसरू नये. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘एच आम्ल’ बनवण्याचा उद्योग आला. सूत रंगवायच्या रंगांत हे आम्ल लागतं. जेमतेम ३७५ टन माल काढला गेला, पण त्यामागे दोन हजार टनांहून अधिक विषारी गाळ उरला. विहिरींचं पाणी लालसर झालं, पिण्याच्या आणि शेतीच्या लायकीचं राहिलं नाही. उत्पादन काही काळात बंद झालं. सर्वोच्च न्यायालयात १९८९ साली याचिका गेली, फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘जो घाण करील त्यानंच ती निस्तरावी’ असा निकाल लागला, आणि कंपन्या पैसे भरायला टाळाटाळ करत राहिल्या. जुलै २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरा असं पुन्हा सांगावं लागलं. थोड्या काळाचं उत्पादन, दोन दशकांहून जास्त काळ खटला. निकाल गावाच्या बाजूनं लागला, विहिरी मात्र निकालानं गोड झाल्या नाहीत. भरपाई नंतर मिळते. माहिती आधी मिळायला हवी.

आता झाडांकडे आणि देणग्यांकडे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. शाळेला बाकं, गावाला शुद्ध पाण्याचं यंत्र, रुग्णवाहिका, वृक्षारोपण. हे सगळं चांगलं आहे, व्हावं. पण त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम, किंवा दुसऱ्या कुठल्याही कायद्यानं बंधनकारक असलेलं काम, या खर्चात धरता येणार नाही. कारखान्याच्या आवारात ठरावीक हरित पट्टा राखणं ही बहुतेकदा पर्यावरण मंजुरीचीच अट असते. ती झाडं समाजावर उपकार नाहीत. तसंच सांडपाण्यावरची प्रक्रिया हाही उपकार नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही दान आणि देणं यांतला फरक माहीत होता; फोटो काढताना तो विसरला जातो. गावाला पाण्याचं यंत्र भेट देणाऱ्या कंपनीला गावानं नम्रपणे एवढंच विचारावं: यंत्र छान आहे, पण आमच्या विहिरीचा अहवाल कुठे आहे?

उरलं काम. सोलापुरात हा मुद्दा सगळ्यांत जास्त दुखतो आणि तो दुखावा यात नवल नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, पुढे बाकीच्या गिरण्याही गेल्या, आणि पोरं पुण्याच्या गाड्या धरायला लागली. अशा शहरात कारखान्यावर बोट ठेवणारा माणूस पोटावर पाय देणारा वाटतो. पण या युक्तिवादात गिरणी आणि रसायन यांची सरमिसळ आहे. गिरणीला हजारो हात लागत. अखंड चालणारी रासायनिक प्रक्रिया नियंत्रण कक्षातून चालते. तिथं भांडवल मोठं आणि माणसं थोडी. शिवाय त्या माणसांतली बरीचशी कंत्राटी असतात आणि त्याच पंचक्रोशीत राहतात. टाकी धुणारा तोच, विहिरीचं पाणी पिणाराही तोच. त्याच्या नोकरीला धोका कशातून आहे? २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालू स्थितीत सांडपाणी-प्रक्रिया यंत्रणा नसेल तर कारखाना बंद करा. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट झाले. त्यांत कामगार मेले, आणि दुसऱ्या स्फोटानंतर तर धोकादायक कारखाने वस्तीतून हलवायची भाषा पुन्हा सुरू झाली. कारखाना हलला की काम हलतं. म्हणजे नोकऱ्या जातात त्या प्रश्न विचारल्यामुळे नाही, प्रश्न वेळेत न विचारल्यामुळे.

‘मग आम्हीच का? शहराचं मैलापाणी बघा, छोट्या रंगाईवाल्यांना बघा.’ जरूर बघू. पण हा युक्तिवाद सोलापूरकराच्या तोंडी शोभत नाही. आपण उजनीचं पाणी पितो आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, याबद्दल पुण्याला जाब विचारतो. तो विचारलाच पाहिजे. ‘इतर शहरंही घाण सोडतात’ हे पुण्याचं उत्तर आपण ऐकून घेऊ का? मग आपल्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्यांना तीच सवलत का? आणि छोट्या रंगाईवाल्याकडे सामायिक प्रक्रिया केंद्राशिवाय इलाज नसतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीकडे तंत्रज्ञ आहेत, पैसा आहे, प्रयोगशाळा आहे. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातल्या ओलियम गळतीच्या खटल्यात १९८६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व सांगितलं होतं: धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद आहे, आणि उद्योग जितका मोठा आणि संपन्न, तितकी भरपाई मोठी.

तेव्हा मागायचं काय? कारखाना बंद करा, असं नाही. चार गोष्टी मागायच्या. एक: फाटकावरचा फलक मराठीत, तारखेसह, दर आठवड्याला बदलणारा, त्यात घेतलेलं पाणी, बाहेर गेलेला क्षार आणि आतला धोकादायक साठा. दोन: कारखान्याभोवती निरीक्षण-बोअर, आणि गुजरातच्या धर्तीवर नमुने घेणारी प्रयोगशाळा चिठ्ठीनं ठरलेली, पैसे कंपन्यांनी भरायचे पण जिल्हाधिकाऱ्यांकडच्या सामायिक निधीत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवलं जातं. या कामासाठी मुंबईहून माणूस आणायची गरज नाही. तीन: सहामाही अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे, कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या उपस्थितीत. एमआयडीसीतल्या कारखान्यांना अनेकदा जनसुनावणीतून सूट मिळते. म्हणून तर ही ग्रामसभा जास्त गरजेची. चार: वासाची नोंदवही. गावकऱ्यानं तारीख आणि वेळ लिहायची, कंपनीनं त्या तासाला कोणतं युनिट चालू होतं ते समोर लिहायचं. मानक नाही म्हणून मोजायला कुणी बंदी घातलेली नाही.

यावर शेवटची हरकत येते ती व्यापारी गुपिताची. ती मान्य करू. उत्प्रेरक कोणता, तापमान किती, उतारा कसा वाढवला, हे कुणी विचारत नाही. पण कुंपण ओलांडून जे बाहेर येतं ते गुपित राहत नाही, कारण ते दुसऱ्याच्या विहिरीत आणि दुसऱ्याच्या छातीत जातं. ही मागणी अव्यवहार्य आहे असंही म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या मंडळानंच २०१७ मध्ये चिमणीतल्या धुळीकणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन यादी जाहीर करायला सुरुवात केली. आकडे लोकांपुढे ठेवल्यानं उद्योग बुडत नाही, हे त्यात मान्यच आहे.

सोलापूरची एखादी कंपनी हे सगळं सक्ती होण्याआधी स्वतःहून करील, तर तिच्या जबाबदारीवर शंका घेणाऱ्यांची तोंडं ती एका ताळेबंदानं बंद करील, आणि पुढच्या जाहिरातीत झाडांचा फोटो छापायची गरजही राहणार नाही. जिचे आकडे खरे आहेत तिला हा हिशेब महाग पडत नाही. ज्यांना तो महाग वाटतो, त्यांनी वृक्षारोपणाच्या पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण पाठवण्याआधी तो महाग का वाटतो, तेवढं गावाला सांगावं.